नकाशा हातात घेऊन 58 किलोमीटर

महामार्ग सुधारणेचा प्राथमिक आराखडा लोकांसमोर आला. सूचना द्यायला सहा आठवडे होते. पहिल्याच संध्याकाळी मी कागद पुढ्यात घेऊन बसले आणि 'रस्ता धोकादायक आहे' एवढं लिहून अडले. कुठे धोकादायक? कोणाला? दिवसा की रात्री? त्या रस्त्यावरून मी वीस वर्षं ये-जा करते आहे, पण यातल्या एकाही प्रश्नाचं नेमकं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी आणि माझी बहीण दोन दिवस काढून तो सगळा 58 किलोमीटरचा पट्टा दोन्ही दिशांनी फिरून आलो. बहीण गाडी चालवत होती, मी आराखड्याची पानं मांडीवर घेऊन नोंदी करत होते. तुमच्या भागातल्या रस्त्याचा आराखडा आला असेल आणि तुम्हालाही असं निघावंसं वाटत असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडावा.

निघण्याआधी एकच गोष्ट नीट समजून घ्या, ती म्हणजे चेनेज. आराखड्याच्या प्रत्येक पानावर 23+400 असे आकडे असतात. सुरुवातीच्या बिंदूपासून 23 किलोमीटर 400 मीटर, असा त्याचा अर्थ. मोरी, वळण, फाटा, दुभाजकातली मोकळी जागा, सगळं याच आकड्यांनी ओळखलं जातं. तुम्ही 'मोठ्या झाडापुढचं वळण' असं लिहिलंत तर वाचणाऱ्या अभियंत्याला ते शोधत बसावं लागेल. चेनेज लिहिलात तर तो थेट ते पान उघडेल.

यातच आमची पहिली चूक झाली. गाडीचा ट्रिप मीटर शून्यावर आणून आम्ही निघालो आणि त्याच आकड्यांवर पहिले पाच तास नोंदी केल्या. एका पुलाशी ताडून पाहिलं तर आमचा आकडा आराखड्यापेक्षा 600 मीटरने पुढे! टायरची झीज, मीटरचा फरक, मध्ये दोनदा मागे वळलो होतो तेही, सगळं त्यात साठलं होतं. सकाळच्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या. तेव्हा मीटरवर विसंबू नका. दर चार-पाच किलोमीटरला पूल, मोरी किंवा किलोमीटरचा दगड गाठून आकडा जुळवून घ्या. फोनमध्ये स्थानाची नोंद असलेला फोटो काढलात तर फारच उत्तम.

पहिल्या दिवशी उजाडायच्या आत निघालो. सातव्या किलोमीटरपासून पुढे ट्रॅक्टर होता, मागे ट्रॉली. ताशी वीस-पंचवीसचा वेग. अकरा किलोमीटर आम्ही त्याच्या मागे होतो आणि तेवढ्यात नऊ गाड्यांनी आम्हाला आणि त्याला मिळून ओव्हरटेक केलं. त्यातल्या दोन गाड्या चढाच्या माथ्यावर, पलीकडचं काहीच दिसत नसताना गेल्या. 90 च्या वेगाने गाडी सेकंदाला 25 मीटर धावते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत रस्त्याची आखणी करणारे अडीच सेकंद धरतात, म्हणजे साठेक मीटर तिथेच गेले. पुढे थांबायला आणखी नव्वदेक मीटर. नुसतं थांबायलाच दीडशेहून जास्त मीटर लागतात आणि समोरचाही त्याच वेगाने येत असतो. त्या माथ्यावर शंभर मीटरसुद्धा दिसत नव्हतं.

त्या अकरा किलोमीटरनी माझं मत बदललं. आराखड्यात दोन पर्याय होते. पूर्ण पट्टा चौपदरी करणं हा एक. दुसरा तीन पदरांचा: मधला पदर दर एक-दोन किलोमीटरला आलटून पालटून एकेका दिशेला द्यायचा आणि दोन दिशांच्या मध्ये तारेचा कठडा. मी चौपदरीच मागणार होते, तीन पदर म्हणजे आमची बोळवण आहे असं मला वाटायचं. पण स्वीडनने हा प्रयोग 1998 मध्ये येव्ले शहराच्या उत्तरेला ई-4 महामार्गावर सुरू केला, तोही साधारण 13 मीटर रुंदीच्या जुन्याच रस्त्यावर. अशा रस्त्यांवरचे मृत्यू तिथे सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले. कारण उघड आहे. समोरासमोरची धडक तारेमुळे थांबते, आणि ओव्हरटेक करायची जागा थोड्या वेळात मिळणारच हे माहीत असल्याने माथ्यावर कुणी घाई करत नाही. शिवाय जमीन कमी लागते. या पर्यायाची दुखरी बाजूही आहे. एकच पदर असलेल्या दिशेला सायकलवाला आणि ट्रॅक्टर यांना जागा कुठली? तारेपलीकडच्या शेतात जायचं कसं? म्हणून मी 'तीन पदर चालतील' एवढंच न लिहिता, साईडपट्टी किती रुंद हवी आणि शेतात जायचे रस्ते कोणत्या चेनेजला जोडायला हवेत ते लिहिलं. हे लिहायला ट्रॅक्टरच्या मागचे ते अकरा किलोमीटर पुरले.

आमच्याकडे वेगाबद्दल सगळे बोलतात. वेगमर्यादा 80 ऐवजी 100 करा, अशी मागणी जोरात आहे. हिशोब करून पाहा: 58 किलोमीटर सलग 80 ने गेलात तर साडेत्रेचाळीस मिनिटं, सलग 100 ने गेलात तर पस्तीस. नऊ मिनिटांहून कमी फरक, आणि तोही कुठेच थांबावं लागलं नाही तर. नोंदींसाठी थांबलो तो वेळ वगळूनही आम्हाला प्रत्यक्षात एक तास अठरा मिनिटं लागली. वेळ गेला तो ट्रॅक्टरमागे आणि दोन चौकांत. उलट सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्के वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्ही जाल तेव्हा घड्याळ लावा आणि कुठे किती मिनिटं खोळंबलात ते लिहा. मिनिटं कुठे अडकतात ते एकदा कागदावर आलं की मागणी आपोआप बदलते.

17+250 ला आम्ही उतरलो. डांबराची कड जिथे संपते तिथे मी बसले आणि हात उभा धरून पाहिला. बोटांची टोकं खालच्या मातीला टेकली होती आणि डांबराचा पृष्ठभाग तळव्याच्या अर्ध्यावर येत होता. दहा सेंटिमीटर तरी असतील. कड सुरीने कापल्यासारखी उभी, आणि तिच्या अंगावर टायर घासल्याचे काळे ओरखडे, एकावर एक. त्या ओरखड्यांतून काय घडतं ते वाचता येतं. चाक खाली उतरतं, चालवणारा दचकून स्टिअरिंग वळवतो, टायर कडेला घासत राहतो, आणि एकदम वर चढला की गाडी सरळ समोरच्या पदरात शिरते. साईडपट्टी भरून घेणं हा एक उपाय. दुसरा कायमचा: डांबर टाकतानाच कड तीस अंशांच्या उताराची करायची, म्हणजे उतरलेलं चाक सावकाश परत चढतं. पेव्हरला, म्हणजे डांबर पसरवणाऱ्या यंत्राला, एक जोड बसवून हे होतं, वेगळी जमीन लागत नाही. असे सात तुकडे आम्हाला सापडले. सगळे वळणाच्या आतल्या बाजूला होते.

गाडीतून उतरताना काळजी घ्या. परावर्तक जॅकेट दोघांनीही घाला. गाडी साईडपट्टीच्याही बाहेर, दोन्ही बाजूंनी लांबून दिसेल अशी लावा. वळणावर किंवा माथ्यावर अजिबात थांबू नका, पुढे जाऊन चालत मागे या. रुंदी मोजायला टेप घेऊन रस्त्यात उतरू नका, ती आराखड्यात लिहिलेली असते.

पुढची मोरी 22+600 ला. तिथे शेतात एक वयस्कर गृहस्थ काम करत होते. आराखडा दाखवून विचारलं, "काका, पावसाळ्यात इथे पाणी कुठपर्यंत येतं?" त्यांनी उत्तर दिलं नाही, हाताने खूण करून बांधावरच्या झाडापाशी नेलं. खोडावर माझ्या कमरेएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती, तिच्याखालची साल वेगळ्याच रंगाची. "हे गेल्या वर्षीचं," ते म्हणाले, "आणि तुम्ही म्हणता रस्ता दीड मीटर वर उचलणार. मग हे पाणी जाणार कुठून?" मी पान पुन्हा पाहिलं. भराव दीड मीटरने वाढणार होता आणि मोरी होती तेवढीच, एका गाळ्याची, म्हणजे पाणी जायला एकच वाट असलेली. उंच भराव आणि लहान मोरी म्हणजे बांधच झाला की. मोरी बहुधा 50 किंवा 100 वर्षांच्या पुरासाठी आखतात. 100 वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच येणारा पूर, असा समज आहे. दर वर्षी तो यायची शक्यता एक टक्का, असा त्याचा खरा अर्थ. 30 वर्षांत तो एकदा तरी यायची शक्यता 26 टक्के होते. काकांनी मागच्या दहा वर्षांतली तीन वर्षं सांगितली. आम्ही रेघेचा फोटो काढला, बाजूला मोजपट्टी धरून. या दोन दिवसांतली सगळ्यात मोलाची नोंद मी हीच मानते. अशी माणसं भेटली की घाई करू नका. पाणी कुठून येतं हे सर्वेक्षणाच्या यंत्रापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं, फक्त ते त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

31+900 ला शाळा आहे, रस्त्याच्या एका बाजूला. वस्ती दुसऱ्या बाजूला. आराखड्यात तिथे दुभाजक सलग आहे आणि ओलांडायची सोय 1 किलोमीटर 400 मीटर पुढे. शाळा सुटायच्या वेळी आम्ही तासभर उभ्या राहिलो आणि मोजलं: 63 जण पायी ओलांडून गेले, त्यातली 48 मुलं. एक लहान मुलगी धाकट्या भावाचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन, त्याचं मनगट घट्ट धरून उभी होती. तिने दोनदा पाऊल पुढे टाकलं आणि दोनदा मागे घेतलं. ही मुलं दीड किलोमीटर पुढे जाऊन तेवढंच परत येणार नाहीत. ती दुभाजकावर चढतील. मोजणी करायची तर वेळ, दिशा आणि माणूस पायी, सायकलवर की गाडीत, एवढे तीन रकाने पुरतात.

रात्रीची फेरी टाळू नका. आम्ही कंटाळलो होतो, तरी गेलो. दिवसा चांगला वाटलेला बाराव्या किलोमीटरचा तुकडा रात्री सगळ्यात वाईट निघाला. मधली रेषा पुसलेली, समोरच्या दिव्यांनी कड दिसेनाशी. तिथे मधल्या रेषेवर खरखरीत पट्टे मागितले आहेत, चाक त्यांवर गेलं की खडखड होऊन चालवणारा सावध होतो. ग्रामीण दुपदरी रस्त्यांवर अशा पट्ट्यांनी समोरासमोरचे जीवघेणे आणि जखमी करणारे अपघात 40 टक्क्यांहून जास्त घटल्याचं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

दुसरा दिवस उलट दिशेचा. त्याबद्दल फार लिहीत नाही. उलट दिशेने प्रत्येक फाटा वेगळा दिसतो आणि पाट्या झाडांआड गेलेल्या असतात, एवढं सांगते. त्या दिवशी मुख्यतः दोन मोठ्या चौकांत थांबलो. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना 32 ठिकाणी छेदतात किंवा मिळतात, एकपदरी वर्तुळाकार चौकात फक्त 8 ठिकाणी. सिग्नलची मागणी मी तिथेच खोडली.

मग बैठक. भिंतीवर नकाशे लावलेले, टेबलांवर चिकट कागद. बरेच जण रांगेत उभं राहून तेच वाक्य पुन्हा सांगत होते. असे एकसारखे शेरे एका मुद्द्याखाली एकत्र बांधले जातात, हे लक्षात घ्या. शंभर जणांनी एकच मजकूर दिला तर उत्तर एकदाच मिळतं. त्याऐवजी शंभर जणांनी आपापली शंभर ठिकाणं सांगितली तर प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. तिथल्या अभियंता बाईंनी माझी यादी वाचताना 22+600 वर बोट ठेवलं आणि विचारलं, "रेघ जमिनीपासून किती?" मी फोटो दाखवला. त्यांनी तो आकडा स्वतःच्या हाताने नकाशावर लिहिला. तोंडी सांगितलंत तरी तेच लेखी द्या आणि पोच घ्या. आणि लवकर जा. पर्यावरणविषयक निर्णयांत लोकसहभागासाठी 1998 मध्ये डेन्मार्कमधल्या आरहूसला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात अट अशी आहे की सगळे पर्याय खुले असतानाच लोकांना सामील करून घ्यावं. जमिनीची मोजणी आणि अंतिम आराखडा झाल्यावर बोललात तर पाटीची जागा बदलते, रस्त्याची नाही.

तीन महिन्यांनी सुधारित पानं आली. 22+600 ला मोरी आता तीन गाळ्यांची आहे. कडेचा तीस अंशांचा उतार सगळ्या पट्ट्याला लागू झाला. 31+900 ला मात्र दुभाजक अजून सलग आहे. ओलांडायची सोय 1 किलोमीटर 400 मीटरवरून 600 वर आली आहे, तेवढंच. दुसऱ्या फेरीची मुदत संपायला अजून अकरा दिवस आहेत. सोमवारी आम्ही दोघी पुन्हा शाळेपाशी उभ्या राहणार आहोत, या वेळी सकाळच्या वेळेला.