पीएमपी पास झाले, पण आडनावाने रडवलं

लग्नानंतर आडनाव बदलण्याचा आणि पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरांच्या प्रमाणपत्र परीक्षेचा काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ३५ तासांचं प्रशिक्षण, ३६ महिन्यांच्या अनुभवाचा तपशील, अर्ज, सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते परीक्षेच्या सेंटरच्या काउंटरवर.

परीक्षेच्या आठवडाभर आधी लक्षात आलं, की अर्ज जिथे केला त्या पीएमआय संस्थेच्या खात्यावर माहेरचं आडनाव आहे आणि ओळखपत्रावर सासरचं. लगेच कागद पाठवून खात्यातलं नाव बदलून घेतलं. वेळेत सुचलं म्हणून स्वतःवरच खूश होते. पण सेंटरची तारीख मी महिनाभर आधी घेतलेली आणि त्या बुकिंगवर जुनंच नाव राहिलेलं. कन्फर्मेशनच्या ईमेलमध्ये ते ढळढळीत दिसत होतं. मी ती उघडली फक्त पत्ता बघायला.

"मॅडम, नाव जुळत नाही," काउंटरवरची बाई म्हणाली.

मी मोबाइलवर खातं दाखवायला गेले. "मोबाइल लॉकरमध्ये ठेवा." विवाह प्रमाणपत्र पुढे केलं. "हे चालत नाही. माझ्या स्क्रीनवर आहे तेच नाव ओळखपत्रावर पाहिजे." मग तिने कुठेतरी फोन लावला. पंधरा मिनिटं. वीस. माझ्या मागून आलेले लोक खिसे उलटे करून, बाह्या वर सरकवून आत गेलेसुद्धा. मी खुर्चीवर बसून मनातल्या मनात घोकलेलं सगळं विसरत होते. पाऊण तासाने उत्तर आलं, आज बसता येणार नाही, नवीन तारीख घ्या, फी पुन्हा भरा. माझे डोळे भरून आले, आणि रागही असा आला की बोलवेना.

तेव्हा कुठे त्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "जुन्या नावाचं काही आहे का?"

अहो, हेच पहिल्या मिनिटाला विचारायचं होतं! आळसापायी न बदललेला माझा पासपोर्ट घरच्या कपाटात होता, मुदतही शिल्लक होती. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, फोटो पाठवू का? फोटो नाही, झेरॉक्स नाही, मूळ प्रतच लागते. तो धापा टाकत आला तेव्हा मला तिथे येऊन एक तास वीस मिनिटं झाली होती.

आतलं थोडक्यात सांगते. चष्मासुद्धा काढून तपासतात, घड्याळ बाहेर. लिहायला पुसता येणारी पाटी आणि मार्कर देतात. वेळ तुम्ही जागेवर बसून सुरू केल्यावरच मोजतात, त्यामुळे माझी पूर्ण २३० मिनिटं मला मिळाली. १८० प्रश्नांपैकी पहिले वीस मी चिडूनच वाचले, प्रत्येकी दोनदा. ६० आणि १२० प्रश्नांनंतर दहा-दहा मिनिटांची सुट्टी असते, ती घ्याच. पण सुट्टीवर गेलात की मागच्या भागाकडे परतता येत नाही, म्हणून खूण केलेले प्रश्न आधी संपवा. माझे तीन राहिले.

हो, आणि बुकिंगवरचं नाव आजच बघा, अक्षर न् अक्षर.

निकालाचा कागद त्याच काउंटरवर मिळाला, जुन्या आडनावाने. नंतर प्रमाणपत्र आलं ते नव्या. दोन्ही एकाच फाइलमध्ये लावलेत, पासपोर्टच्या शेजारी.