‘मी गे आहे’ हे वाक्य सेटमध्ये कुठे ठेवायचं: नागपुरातला माझा अनुभव

मी नागपुरात स्टँड-अप कॉमेडी करतो. आपण गे आहोत हे आधी घरी सांगायचं, मग माइकवर. नागपूर एवढं मोठं झालं तरी सिव्हिल लाइन्सचा माणूस मानेवाड्यातल्या कोणाला तरी ओळखतोच, आणि पाच मिनिटांच्या सेटची, म्हणजे स्टेजवरच्या सादरीकरणाची, क्लिप त्याच रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचते. म्हणून पहिल्या ओपन माइकआधी (नवख्यांनाही स्टेज मिळतं तो कार्यक्रम) मी एक यादी केली: आई-बाबा, भावंडं, घरमालक, नोकरीतले वरिष्ठ. यांच्यापैकी कोणालाही ही गोष्ट व्हिडिओतून कळता कामा नये. जोडीदार असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्यायची. तो स्वतः उघडपणे वावरत नसेल, तर त्याचं नाव, नोकरी, मोहल्ला, गाडीचा रंग, काहीच सेटमध्ये येऊ द्यायचं नाही. विनोद कितीही चांगला असला तरी नाही.

धरमपेठ-सदरकडच्या कॅफेंमधल्या ओपन माइकला साधारण चार-पाच मिनिटं मिळतात. त्यात ‘मी गे आहे’ हे वाक्य मी पहिल्या तीस-चाळीस सेकंदांत ठेवतो, पण अगदी सुरुवातीला नाही. सुरुवातीलाच म्हटलं की लोकांना भाषण सुरू झालंय असं वाटतं आणि ते सावरून बसतात. तिसऱ्या मिनिटाला म्हटलं, तर आधीचे सगळे विनोद लोक मनात पुन्हा तपासायला लागतात. त्या शांततेतून बाहेर येईपर्यंत वेळ संपलेला असतो. म्हणून आधी उन्हाळ्यावर नाहीतर तर्री-पोह्यांवर एक साधा हशा घ्यायचा, मग ते वाक्य, आणि लगेच, दोन-तीन सेकंदांच्या आत, पुढची हशाची ओळ तयार हवी.

हे वाक्य बहुतेकदा आवाजात बिघडतं. त्या शब्दाला आपण नकळत मान वळवतो, नाहीतर माइक खाली घेतो. कॅफेतला साधा डायनॅमिक माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर असेल तरच नीट घेतो. चार इंच दूर गेला की शब्द गेला. त्यात ‘गे’ एकाक्षरी. मराठी कानाला तो ‘अगे’, ‘माय गे’मधला गे वाटतो. मागच्या रांगेतून ‘काय म्हनला बे?’ आलं की पुढचा हशा मेलाच. यावर उपाय सोपा आहे. वाक्य दोन तुकड्यांत म्हणायचं: ‘मी गे आहे. मला मुलं आवडतात, मुली नाही.’ दुसरं वाक्य गाळायचं नाही, आणि नुसतं ‘मुलं आवडतात’ तर मुळीच म्हणायचं नाही, कारण मुलं म्हणजे लेकरं असाही अर्थ निघतो. ‘समलिंगी’ शब्द स्पष्ट आहे, पण स्टेजवर तो बातमीसारखा ऐकू येतो. माइकची जाळी मुठीत धरू नये. आवाज घोगरा होतो आणि स्पीकर शिट्टी मारतो.

हशा कोणावर पडतो, हे प्रत्येक ओळीला तपासायला हवं. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. यावर माझा एक तुकडा आहे. फॉर्मवरच्या ‘नाते’ या रकान्यावर बोट ठेवून काउंटरवरचा माणूस विचारतो, ‘हे तुमचे भाऊ का, भाऊ?’ नागपुरात भाऊ म्हणजे सख्खाही आणि कोणीही. हशा त्या शब्दावर आणि त्या रकान्यावर पडतो, आम्हा दोघांवर नाही. हाच प्रसंग हात वळवून, कंबर लचकवून केला तर हशा दुप्पट येईल, पण तो आपल्यासारख्या माणसांवर पडेल. आपल्याकडच्या प्रेक्षकाने खडी गंमत या लोकनाट्यातला नाच्या, म्हणजे बाईच्या वेशात नाचणारा पुरुष, पाहिलेला असतो, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं पाहिलेली असतात. ती कला मोठी आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण लचकलं की हसायचं, ही सवय प्रेक्षकाला आधीपासून असते आणि आपण तिच्यावर फुकट जगू लागतो. तृतीयपंथीयांवरचे विनोद तर मी करतच नाही. ते जगणं माझं नाही.

शिवी येणार हे धरूनच चालायचं. आयोजकाशी शोच्या आधीच ठरवून घ्यायचं: एकदा आली तर मी उत्तर देईन, दुसऱ्यांदा आली तर त्या माणसाला तुम्ही बाहेर न्यायचं. आधी ठरलेलं नसेल तर आयोजक ऐन वेळी दुसरीकडे पाहतो, हे मी भोगलंय. उत्तर देण्याआधी दोन सेकंद थांबायचं, आणि शिवीला शिवी नाही. सूत्रसंचालकाला ओळख दोन ओळींत लिहून द्यायची. ‘आता येतोय आपला गे कॉमेडियन’ असं तो म्हणाला की आपलं मुख्य वाक्य आपल्या हातून गेलं. फोनवर शूटिंग नको अशी घोषणा करून घ्यायची, पण ती पाळली जाईल यावर विसंबायचं नाही. पूर्ण सेट स्वतः रेकॉर्ड करायचा, आणि साठ-नव्वद सेकंदांचा तुकडा, आगापीछा शाबूत ठेवून, आपणच आधी टाकायचा.

तासाभराचा एकपात्री प्रयोग बांधला की सभागृह बघायचं. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक, शंकरनगरचं साई, मग सिव्हिल लाइन्समधलं देशपांडे. रेशीमबागचं सुरेश भट सभागृह भरायला फार मोठं आहे, अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांत विनोद विरतो. नाटक म्हणून तिकीट लावायचं तर नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता टाइप करून, तारीख ठरवण्याच्या बऱ्याच आधी पाठवावी. प्रमाणपत्र त्या संहितेला असतं, म्हणून प्रेक्षकांशी गप्पा कुठे येतात ते संहितेतच लिहून ठेवायचं आणि तिथे नवा मोठा मजकूर घुसडायचा नाही.

‘हा विषयच बेकायदा आहे’ असं सांगणारे भेटतात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध जुन्या दंड संहितेच्या कलम ३७७ मधल्या गुन्ह्यातून बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ सारखं कलमच नाही. लग्नाला मात्र मान्यता नाही. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल १७ ऑक्टोबर २०२३ चा. न्याय संहितेत अश्लील शब्दांबद्दलचं कलम २९६ मात्र आहे, त्यामुळे शिव्यांचा वापर मी मोजून करतो. विषय कायद्यात बसतो, भाषा आपल्याला बसवावी लागते.

अभिनयात अडचण वेगळी असते. एकदा उघडपणे बोललात की नायिकेच्या मित्राचीच भूमिका येते. ती घेण्याआधी मी चार गोष्टी विचारतो: पात्राला नाव आहे का? त्याचा कामधंदा काय? नायिका नसलेला त्याचा एक तरी सीन आहे का? शेवटी त्याचं काय होतं? पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘बघू’ असेल तर ते पात्र कोणी लिहिलेलंच नाही. ऑडिशन व्हिडिओ करून नागपुरातूनच पाठवायची: फोन आडवा, मागे साधी भिंत, खिडकी समोर, पंखा बंद, सुरुवातीला नाव, वय, उंची, आणि दोन्ही बाजूंचा चेहरा. रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची ती दुसरी फेरी पक्की झाल्यावरच. मालिकेचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी येतात, तोवरचा खर्च बाजूला हवा.

आणि ऑडिशन घेणारे ‘थोडं अजून कर ना’, म्हणजे अजून लचक, असं म्हणाले, की मी विचारतो, ‘काय अजून करू? तो घाबरलाय, घाईत आहे, की समोरच्याला हसवतोय?’ ते यातलं एक निवडतात, आणि मी ते दुसऱ्या टेकमध्ये करतो.