आधी कार्ड, मग खुर्ची. उपचार मात्र आजपासून

नागपुरात दिव्यांगांसाठी सोयी आहेत. पण त्या वेगवेगळ्या कार्यालयांत विखुरलेल्या आहेत आणि प्रत्येक खिडकीवर आधीच्या खिडकीचा कागद मागतात. क्रम चुकला की माणूस दमतो आणि हक्काचं सोडून देतो. म्हणून क्रमाबद्दलच लिहितो आहोत.

सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, पण त्याआधी आधार कार्ड आणि जन्मदाखला शेजारी ठेवून नावाची अक्षरं एकेक करून जुळवा. एका अक्षराचा फरक पुढे बँकेपर्यंत पिच्छा पुरवतो, म्हणून आधार आधी दुरुस्त करा. अर्जात रुग्णालय निवडताना मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांपैकी जिथे उपचाराचे कागद आहेत तेच निवडलेलं बरं. तपासणीला अर्जाची प्रिंट आणि मूळ रिपोर्ट न्या, नुसत्या झेरॉक्सवर विसंबू नका. श्रवणदोष असेल तर ऑडिओमेट्री, लहान मुलांसाठी बेरा ही श्रवण तपासणी आणि बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्ध्यंक चाचणी लागते. या चाचण्या बहुधा वेगळ्या विभागात, वेगळ्या तारखेला होतात. लोक थेट टक्केवारी ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर जाऊन उभे राहतात आणि हात हलवत परततात, ते यामुळेच. खिडकीवर आधी एवढंच विचारा : 'कोणती चाचणी, कुठल्या खोलीत, कुठल्या वारी?'

कार्डावरची पट्टी 40 टक्क्यांच्या खाली पांढरी, 40 ते 80 पिवळी आणि त्यावर निळी असते. बहुतेक योजनांचं दार 40 टक्क्यांना उघडतं. टक्केवारी चुकीची वाटली तर अपील करता येतं, ते नक्की करा.

कार्ड हातात येईपर्यंत मुलाचा उपचार मात्र थांबवू नका. धंतोलीत यशवंत स्टेडियमला केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांचं पुनर्वसन केंद्र आहे. फिजिओथेरपी, वाचा उपचार, विशेष शिक्षण, कृत्रिम अवयव या सेवांची विचारपूस तिथूनच सुरू करावी. दोन-अडीच वर्षांचं मूल बोलत नसेल तर 'बोलेल हळूहळू' म्हणत घालवलेलं वर्ष परत येत नाही.

संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील किंवा सेतू गाठा. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50 हजार रुपये आहे. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिना 2500 रुपये मंजूर आहेत. मंजुरीनंतर पैसे अडकले की लोक तहसीलला हेलपाटे घालतात, आणि दोष बरेचदा बँकेत सापडतो : खातं आधारशी जोडलेलं नसतं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा राहून गेला तरी पैसे थांबतात.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व, या चौघांसाठी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली दोन मोलाच्या गोष्टी आहेत. पहिली निरामय विमा : एक लाखापर्यंतचं संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. दुसरी कायदेशीर पालकत्व. मूल 18 वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. बँक सही मागते आणि घरातल्यांना तेव्हाच कळतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा असतो. सतरावं लागलं की कागद जमवायला घ्या. नागपुरात रेल्वे, पोस्ट, आयुध निर्माणी अशी पेन्शनची घरं पुष्कळ. कमवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला पालकांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात, पेन्शनर हयात असतानाच नोंदवून घ्या. नंतर तोच कागद काढायला भावाबहिणींचे जोडे झिजतात.

आता व्हीलचेअर, कारण शिबिरात फुकट मिळालेली खुर्ची कोपऱ्यात पडून राहते ती मापामुळे. दिव्यांगांना साहित्य देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत मासिक उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तर साहित्य मोफत मिळतं. पण मोजणीचं शिबिर आधी आणि वाटपाचं नंतर असतं. मोजणीला गेलात नाही तर वाटपाच्या दिवशी गर्दीतून मोकळ्या हातानं घरी. मोजणीच्या वेळी माणसाला घट्ट टेकून, सरळ बसवा. बसायची रुंदी म्हणजे नितंबांची रुंदी अधिक दोनेक इंच. सीटची खोली मोजताना पाठीपासून गुडघ्यामागच्या वळणापर्यंतचं माप घ्या आणि त्यातून दोन इंच वजा करा. खोली जास्त झाली की सीटची कड गुडघ्यामागे रुतते, माणूस पुढे घसरतो आणि माकडहाडावर जखम होते. जखम संवेदना नसलेल्या जागी असेल तर तिचा पत्ता वास सुटल्यावरच लागतो. म्हणून उशी मागून घ्या आणि रोज संध्याकाळी त्वचा आरशानं पाहा. लाल डाग दाबून पांढरा झाला नाही तर त्या जागेवरचा भार लगेच काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

शिबिराला निघण्याआधी घरातला मोजपट्टीचा टेप घेऊन संडास-बाथरूमचं दारही मोजा. साध्या खुर्चीची बाहेरची रुंदी 25-26 इंच भरते आणि आपल्याकडची जुनी बाथरूमची दारं अनेकदा त्याहून अरुंद. दार 24 इंचांचं निघालं तर तो आकडा मोजणीच्या टेबलावर सांगा आणि कमी रुंदीची खुर्ची किंवा कमोड खुर्ची मागा.