डग्गा मागे का राहत होता

पुण्याहून गाद्यांत गुंडाळून टेम्पोतून आणलेली हायब्रिड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरची जुनी जोडी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर उभी केली, त्या संध्याकाळी पहिल्यांदा तंबोरा लावला. जवारी, म्हणजे तारेची ती झणझणती गुंज, इतकी मोकळी मी कधीच ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे मी तबला शिकतो ते गुरुजी आले. एक विलंबित एकताल त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "चाट हितं वाजतीया, पण डग्गा मागनं येतोय रे. दोन मानसं वाजवल्यागत वाटतंय." चाट म्हणजे उजव्या तबल्याच्या कडेवरचा आवाज, डग्गा म्हणजे डाव्या हाताचा, खालच्या सुरांचा.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पुढचे आठ महिने मी त्याच्याच मागे होतो.

या स्पीकरमध्ये वरचा भाग म्हणजे केसापेक्षा पातळ प्लास्टिकचा पडदा. तो छिद्रं असलेल्या दोन पत्र्यांच्या मधे ताणलेला असतो आणि त्याच्यावर काही हजार व्होल्टचा भार असतो. पडद्याला वजनच नसल्यासारखं, म्हणून बारीकसारीक सगळं ऐकू येतं. पण तो पुढे-मागे फार हलू शकत नाही. शिवाय आवाज दोन्ही बाजूंनी सोडतो, त्यामुळे खालच्या सुरांत पुढची आणि मागची लाट एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून खाली पेटीत साधा शंकूचा वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर, बसवतात. दोघांची हद्द कुठे, ते मॉडेलनुसार बदलतं. मार्टिनलोगन कंपनीच्या ईएसएल ९ मध्ये ती ३८० हर्ट्झला आहे, तर सँडर्स कंपनीच्या मॉडेल १० मध्ये पार १७२ ला.

आता काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज लावलेला, तंबोरा घ्या. खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झ, जोड १३९. म्हणजे यांतला कुठलाही हायब्रिड घेतला तरी तारेचा मूळ सूर वूफरमधून येणार आणि जवारी पडद्यातून. एकच तार दोन यंत्रांत वाटली जाते! डग्ग्याचंही तेच: घुमारा खालून, बोटाचा आघात वरून. सांधा जुळला नाही तर गुरुजींना ऐकू आले तसे दोन वादक होणारच.

माझा अँप्लिफायर ५० वॅटचा. आधी वाटलं, ताकद कमी पडते. राजारामपुरीतल्या मित्राचा मोठा अँप्लिफायर महिनाभर आणून बघितला. वरचा आवाज निवळला, कारण पडदा हा विजेच्या दृष्टीने कपॅसिटर असतो. सूर चढेल तसा त्याचा अवरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, घसरतो आणि अगदी वर २ ओहमच्याही खाली जातो. अशा वेळी दणकट अँप्लिफायर लागतोच. डग्गा मात्र तिथेच राहिला.

मग दोन अँप्लिफायर, एक पडद्याला आणि एक वूफरला. मागे चार टर्मिनल असली की हा मोह सगळ्यांना होतो. पण स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर, म्हणजे पडदा आणि वूफरमधे सूर वाटणारं सर्किट, तसाच राहतो, दोन्ही अँप्लिफायरना सगळा सिग्नल जातो आणि दोघांचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, वेगळा असला की तोलच बिघडतो. माझा खालचा आवाज फक्त मोठा झाला. खर्च करण्याआधी गेन तपासा, एवढं मी कळकळीने सांगेन.

पुण्यात एका स्नेह्यांकडे वूफरसाठी आतच अँप्लिफायर असलेली जोडी ऐकली. मार्टिनलोगनच्या ईएसएल ११ए सारख्या मॉडेलमध्ये प्रत्येक वूफरला २७५ वॅट असतात, बाहेरच्या अँप्लिफायरवर फक्त पडद्याचा भार येतो आणि बेस कमी-जास्त करायची सोयही असते. सगळ्यांत सुटसुटीत मार्ग हाच, आणि नवीन घेणाऱ्याने आधी हाच ऐकावा. माझा आवाका तेवढा नव्हता आणि माझी जोडी मला सोडवत नव्हती.

राहिला चौथा मार्ग: अँप्लिफायरच्या आधीच सूर वाटायचे. उद्यमनगरातल्या एका जाणत्या इलेक्ट्रिशियन मामांनी वूफरच्या तारा पेटीबाहेर काढून दिल्या. पडद्याच्या बाजूला मी हातही लावू दिला नाही, तिथला व्होल्टेज चेष्टेचा नव्हे. वूफरचा सिग्नल डिजिटल क्रॉसओव्हरमधून नेला आणि ऐकून अक्षरशः खचलो. डग्गा आणखी मागे! दोन दिवसांनी उमगलं. त्या डब्याला हिशोब करायला काही मिलिसेकंद लागतात, आणि एका मिलिसेकंदात आवाज फूटभर पुढे जातो. पडदा थेट वाजत होता, वूफर वाट बघत होता. दोन्ही रस्ते त्याच डब्यातून नेले, मोजमापाचा माइक लावून विलंब जुळवला, तेव्हा बोट आणि घुमारा एका जागी आले.

तरीही खर्ज फुगलेलाच होता. माइकने दाखवलं, ६९ च्या आसपास मोठा उंचवटा. आमची माडी साडेसोळा फूट लांब. त्या लांबीत दुसरी उभी लाट, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमधे अडकून घुमणारी लाट, नेमकी ६९ हर्ट्झलाच बसते, आणि खोलीच्या मध्यावर तिचा जोर सर्वांत जास्त. माझी खुर्ची बरोबर मध्यावर! ती मागच्या भिंतीपासून चार फुटांवर नेली, तिथे ती लाट शांत असते. उरलेला उंचवटा डब्यातून ३ डेसिबलने कापला. आठ महिने मी बेसला ताकद देत होतो आणि त्याला हवी होती कात्री.

पावसाळ्यात आमच्याकडे हवा ओली राहते, पडद्यावर धूळही चिकटते. प्लग काढून काही तास थांबतो आणि मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने पत्र्यावरून हलकेच फिरवतो.

देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेत पुढच्या सतरंजीवर बसून ऐकलेला डग्गा माझ्या कानात आहे, तोच माझा मापदंड. दिवाळीनंतर गुरुजींना पुन्हा माडीवर बोलावलं. तोच एकताल लावला. पहिल्या आवर्तनात त्यांनी डोळे मिटले, सम आली तसे उघडले.

"आता एकच माणूस वाजवतोय," म्हणाले. "पर डग्गा जरा उतरव."

मी १ डेसिबल कमी केला. तो तिथेच आहे.