सहा लाख ओळींत एक ‘हत्तिर’

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांसाठी (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांसाठी) बिलिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत मी गेल्या वर्षी लागले. पहिलंच अवघड काम आलं ते शिनोळीच्या एका गिऱ्हाइकाचं. बेळगावातून कास्टिंग तिकडे जायचं आणि बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विक्रीवरचा कर पडायचा. वेंगुर्ला रस्त्यावर बाची सोडलं की लगेच शिनोळी, पण ते चंदगड तालुक्यातलं, म्हणजे महाराष्ट्र. राज्य बदललं की आयजीएसटी लागायला हवा. कोल्हापूरच्या बिलांना तो बरोबर लागत होता, शिनोळीलाच चुकत होता.

कोड सहा लाख ओळींचा, आणि लिहिणारे बहुतेक सोडून गेलेले. ‘आयजीएसटी’ शोधलं तर नऊशेवर जागा निघाल्या. ‘स्टेट’ शोधणं तर त्याहून वाईट, कारण कोडमध्ये तो शब्द राज्यापेक्षा ‘स्थिती’ या अर्थानेच जास्त येतो. ‘बेळगावी’ टाकलं तर जुन्या फायली गायब. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्याआधीच्या कोडमध्ये सगळीकडे ‘बेलगाम’. चार दिवस मी फायली उघडत होते आणि मिटत होते.

मग वाचायला घेतलं. संशोधक जॉर्ज फर्नास आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिलं होतं की एकाच गोष्टीला दोन माणसं आपणहून तेच नाव देण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. वाचून धीर आला. माझा शोध चुकत नव्हता, माझा शब्द लिहिणाऱ्याच्या शब्दाशी जुळत नव्हता. आणि आमच्याकडे तर कोडमध्ये इंग्रजी, मराठी, कानडी तिन्ही.

नॉर्मन वाइल्ड आणि मायकेल स्कली यांनी १९९५ साली मांडलेली एक युक्ती मला फार आवडली. शब्द शोधायचाच नाही. ज्यात ती गोष्ट घडते आणि ज्यात घडत नाही, असे दोन प्रसंग प्रोग्रॅमवर चालवायचे आणि कोणत्या ओळी चालल्या ते ताडून बघायचं. मी एकाच मालाची, एकाच रकमेची दोन बिलं केली, एक कोल्हापूरचं, एक शिनोळीचं. दोन्ही वेळा कव्हरेज टूल, म्हणजे चाललेल्या ओळी टिपणारं साधन लावून नोंद घेतली आणि एकीतून दुसरी वजा केली. हजारो ओळी दोन्हींत सारख्याच होत्या. फक्त शिनोळीत चाललेल्या ओळी उरल्या अकरा, त्याही एकाच फायलीत.

तिथे एक फंक्शन होतं, रोमन अक्षरांत लिहिलेलं: ‘हत्तिर’. आत गावांची यादी: हिंडलगा, सुळगा, उचगाव, तुरमुरी, बाची, शिनोळी. गाव यादीत असेल तर उत्तर ‘लोकल’.

शेजारच्या टेबलावरचे गोकाकचे सर वाकून बघत म्हणाले, “अगं, हत्तिर म्हणजे जवळ की!”

हा कानडी शब्द मी रविवार पेठेत लहानपणापासून ऐकते. शोधायला मात्र कधी सुचला नाही.

कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये तो शब्द पहिल्यांदा कधी आला ते काढलं. यादी जीएसटीच्या आधीची, टेम्पोभाडं ठरवण्यासाठी केलेली, आणि भाड्यापुरती ती अगदी बरोबर होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा घाईत कुणीतरी तेच फंक्शन कराच्या हिशेबातही बोलावलं. मी ते तिथून काढलं आणि माल जिथे पोचतो त्या राज्याचा कोड तपासायला लावला: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. भाड्याच्या हिशेबात ‘हत्तिर’ तसंच ठेवलं.

त्याच संध्याकाळी कोडशेजारी शब्दांची एक फाइल सुरू केली. बेलगाम-बेळगावी, हुबळी-हुब्बळ्ळी, जवळ-हत्तिर. काल सरांनी त्यात ‘तेरिगे’ घातलं, म्हणजे कर. त्यावर शोध घेतला, तर कराच्या हिशेबाच्या आणखी तीन फायली निघाल्या. आज त्या वाचायला घेतल्या आहेत.