निलगिरीचा लगदा, मुंबईची हवा: कुकिंगपासून हँडशीटपर्यंत माझा अनुभव

निलगिरीचा तंतू जेमतेम पाऊण ते एक मिलिमीटर लांबीचा. पाइन-स्प्रूसचा तंतू साधारण तीन मिलिमीटर भरतो. त्यामुळे पोत्याच्या कागदाची ताकद निलगिरीकडून मागायची नसते. तिच्याकडून मिळतो तो फुगीर, अपारदर्शक, मऊ कागद, छपाईचा किंवा टिश्यूचा. हे गुण लाकडात असतात खरे, पण कुकिंग (रसायनात लाकूड शिजवणं), बीटिंग (तंतू कुटून-घासून मऊ करणं) आणि सुकवण्यात ते टिकतात किंवा जातात. मुंबईत यात हवेतल्या पाण्याची भर पडते, आणि ते जवळजवळ प्रत्येक पायरीवर आकडे बिघडवतं.

लाकूड ताजं आणि वय माहीत असलेलं घ्यावं. वखारीत बांधकामासाठी मिळणारी निलगिरीची बल्ली मी वापरत नाही. ती किती वर्षांची, किती दिवस उन्हात पडलेली, काही कळत नाही. साल पूर्ण काढायची. चिप्सची लांबी-रुंदी फारशी महत्त्वाची नाही, जाडी महत्त्वाची, कारण क्राफ्ट लिकर (कॉस्टिक आणि सोडियम सल्फाइडचं शिजवायचं द्रावण) जाडीच्या दिशेने आत शिरतं. मी 3 ते 5 मिलिमीटरच्या ठेवतो. 8 च्या वरच्या चिप्सचा गाभा कच्चा राहतो आणि नंतर चाळणीवर तो रिजेक्ट म्हणून दिसतो.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ओलाव्याच्या हिशेबात. जून ते सप्टेंबर उघड्या पिशवीतल्या चिप्स दोन-चार दिवसांत पाणी ओढतात, बुरशीही येते. कुकच्या दिवशी सकाळी 105 अंशांवर नमुना सुकवून ओलावा काढतो. समजा, ओलावा 10 टक्के धरून 1,111 ग्रॅम चिप्स घेतल्या, म्हणजे 1,000 ग्रॅम कोरडं लाकूड. प्रत्यक्षात तो 20 टक्के असेल तर लाकूड 889 ग्रॅमच आहे, आणि लाकडाच्या 17 टक्के समजून घातलेली अल्कली 19 टक्क्यांच्या वर गेली. मग यिल्ड (लाकडातून मिळणारा लगदा) घटला, व्हिस्कॉसिटी (सेल्युलोज किती शाबूत आहे याचं माप) पडली की दोष निलगिरीच्या वाणावर येतो.

1,000 ग्रॅम कोरड्या लाकडाला 17 टक्के ॲक्टिव्ह अल्कली (कॉस्टिक आणि सल्फाइड मिळून) म्हणजे सोडियम ऑक्साइडच्या हिशेबात 170 ग्रॅम. सल्फिडिटी (त्यातला सल्फाइडचा वाटा) 25 टक्के धरली तर कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) सुमारे 164 ग्रॅम आणि सोडियम सल्फाइड सुमारे 53 ग्रॅम लागतं. पण दोन्हींचे फ्लेक्स या हवेत डबा उघडताच पाझरायला लागतात, आणि सल्फाइड मुळातच 60 टक्क्यांच्या आसपासचं असतं. म्हणून वजनावर विसंबत नाही. आधी जरा तीव्र लिकर करतो, हायड्रोक्लोरिक ॲसिडने टायट्रेट करतो (थेंबाथेंबाने घालून तीव्रता मोजतो) आणि मग मोजून घालतो. हे काम फ्यूम हूडमध्येच करायचं: सल्फाइडवर ॲसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि तो जीवघेणा आहे. ब्लॅक लिकरलाही (कुकनंतर उरणाऱ्या काळ्या द्रवालाही) हाच नियम. एकूण द्रव लाकडाच्या चौपट, म्हणजे 4 लिटर. त्यातून चिप्समधलं पाणी वजा करायला विसरू नये.

चिप्सना आधी वाफ देऊन आतली हवा बाहेर काढतो. मग 80 वरून 165 अंशांपर्यंत दीड तासात चढवतो. एच-फॅक्टरच्या (तापमान आणि वेळ मिळून कुक किती झाला, याचा एक आकडा) हिशेबात 165 अंशांवर तासाला सुमारे 610 एकक जमतात, 170 वर सुमारे 930. म्हणजे पाच अंशांत वेग दीडपट! थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) दोन अंश कमी दाखवत असेल तर कुक जवळपास अठरा टक्के जास्त होतो. दर काही कुकनंतर थर्मोकपल तपासणं मला म्हणूनच अटळ वाटतं.

कुक संपल्यावर ब्लॅक लिकरमधली शिल्लक अल्कली मी न चुकता काढतो. ती फार कमी उरली, पीएच 12 च्या खाली गेला, तर विरघळलेलं लिग्निन (लाकडात तंतूंना चिकटवून ठेवणारा पदार्थ) परत तंतूवर बसतं: लगदा गडद होतो आणि ब्लीचिंगला भारी पडतो. उलट फार उरली तर झायलन (तंतूतला सेल्युलोजच्या जोडीचा शर्करायुक्त पदार्थ) वाहून जातं. झायलन गेलं की यिल्ड तर जातोच, पण बीटिंगला लगदा हट्टी होतो आणि ताकदीसाठी जास्त वीज लागते. निलगिरीत झायलन जपणं मी कापा नंबर (लगदा किती परमँगनेट खातो त्यावरून काढलेलं उरलेल्या लिग्निनचं माप) आणखी दोन अंकांनी खाली आणण्यापेक्षा महत्त्वाचं मानतो.

कापा नंबर निलगिरीत फसवतोही. कुकिंगमध्ये झायलनवर हेक्झेन्युरोनिक ॲसिड तयार होतं. ते लिग्निन नाही, पण परमँगनेट खातं. त्यामुळे 16 कापा म्हणजे सगळं लिग्निन नव्हे. काही अंक या ॲसिडचे असतात आणि कुक लांबवून ते हवे तसे जात नाहीत. त्यासाठी पीएच 3 ते 3.5 वर, 90 अंशांच्या वर, दोन-तीन तासांचा ॲसिड टप्पा लागतो. कापा चाचणी 25 अंशांवर व्हायला हवी. मे महिन्यात पाणी 30 अंशांचं असेल आणि दुरुस्ती केली नाही, तर आकडा साडेसहा टक्के जास्त येतो; 18 चा 19 च्या पुढे. 18 च्या आसपासच्या लगद्यासाठी 2.8 ग्रॅम कोरडा नमुना घेतो, म्हणजे निम्मं परमँगनेट खर्च होतं.

आता सुकवणं. ओला लगदा एकदा सुकला की तंतूच्या भिंतीतली सूक्ष्म छिद्रं मिटतात आणि परत पूर्ण उघडत नाहीत. 105 अंशांवर सुकवला तर नुकसान आणखी मोठं. बीटिंगसाठीचा लगदा म्हणून ओलाच, 4 अंशांवर फ्रिजमध्ये ठेवतो. ओलाव्यासाठी वेगळा नमुना काढतो. बाहेर राहिला तर दोन-तीन दिवसांत बुळबुळीत होतो. सुकलेला पल्प मिळाला असेल तर चार तास भिजवून हाताने फाडायचा, कात्रीने नाही, आणि डिसइंटिग्रेटरमध्ये (लगदा पाण्यात सुटा करणारं यंत्र) 30,000 फेरे द्यायचे. ओल्या आणि सुकलेल्या लगद्याचे आकडे एका तक्त्यात मांडून तुलना करणं चूक आहे.

पीएफआय मिलमध्ये (प्रयोगशाळेतलं बीटिंगचं यंत्र) 30 ग्रॅम कोरडा लगदा, 10 टक्के कन्सिस्टन्सी (मिश्रणातला कोरड्या लगद्याचा वाटा). मी 0, 1,000, 2,000 आणि 3,000 फेऱ्यांवर नमुने काढतो. टेन्साइल (ताणून तुटेपर्यंतची ताकद) झपाट्याने चढतं, फुगीरपणा उतरतो, निचरा मंदावतो. टिअर (फाटण्याला होणारा विरोध) आधी वाढतं, मग घसरतं. टिश्यूसाठी हवा असेल तर लवकर थांबतो.

हँडशीट (चाचणीसाठी हाताने केलेला ताव) चौरस मीटरला 60 ग्रॅमची, टॅपी मानकाच्या साच्यात 1.2 ग्रॅम कोरडा लगदा. रिंगमध्ये ताणून सुकवायची, मोकळी ठेवली तर आक्रसते. चाचणी 23 अंश, 50 टक्के आर्द्रतेवर. श्रावणातल्या 85 टक्क्यांत ठेवलेली शीट नुसती 50 टक्क्यांच्या खोलीत आणून भागत नाही. वरून खाली आलेला कागद जास्त पाणी धरून बसतो. टेन्साइल कमी दिसतं, टिअर जास्त, आणि दोष बीटिंगला जातो. आधी सिलिका जेलवर कोरडी करून मग खालून 50 टक्क्यांवर आणतो. खोली नसेल तर बंद पेटीत मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण ठेवावं. 25 अंशांवर ते 53 टक्के आर्द्रता धरतं. तासाच्या अंतराने दोनदा वजन करतो, आणि फरक पाव टक्क्याच्या आत येईपर्यंत एकही पट्टी कापत नाही.