तुम्ही विचारलंत म्हणून: कॉक करणं म्हणजे काय?

देवगडात आमचं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न हमखास येतो. भाऊ, ट्यूबवर कॉक लिहिलंय ते काय, आणि फट बुजवायला सिमेंट असताना ही महागाची ट्यूब कशाला?

कॉक करणं म्हणजे सांध्यातली फट ठासून बंद करणं, caulk या स्पेलिंगमध्ये एल आहे पण बोलायचा नाही. मूळ लॅटिन शब्द पायाने तुडवण्याचा. हे काम मुळात जहाजांचं, खिडक्या-बाथरूम खूप नंतरचे, म्हणून मी लाकडी होडीवरूनच सांगतो. सुतार फळ्यांच्या सांध्यात तेलात भिजवलेल्या कापसाची वात बोथट छिन्नीने ठोकत ठोकत बसवतो, वरून राळ. वात घट्ट हवी पण ठासून पार दगड केलेली नको, कारण होडी पाण्यात गेली की फळी फुगते, सांधा आवळतो, आणि आत दबायला जागाच नसेल तर फळ्या एकमेकींना रेटतात नि खिळे ढिले होतात. नौदलाचं कौंडिण्य जहाज २०२५ मध्ये कारवारला दाखल झालं ना, त्याच्या फळ्या तर काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, तिथेही फटींना नारळाचा काथ्या आणि राळच.

घरातही तसंच, सांधा हलतो. अ‍ॅल्युमिनियमची खिडकी उन्हात भिंतीपेक्षा जास्त वाढते, रात्री आकसते, सिमेंटला ते झेपत नाही आणि केसासारखी चीर पडते, आपल्याकडचा आडवा पाऊस तेवढ्यातून आत येतो. ट्यूबमधला सिलिकॉन ताणला जातो. मात्र व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन मार्बलला आणि सिमेंटला लावू नका, त्यातून अ‍ॅसिड सुटतं, तिथे अ‍ॅसिड न सोडणारा, न्यूट्रल सिलिकॉन मागा. वरून रंग मारायचा असेल तर अ‍ॅक्रिलिकची ट्यूब घ्या, सिलिकॉनवर रंग धरत नाही. जुना सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, त्याच्यावर नवा चिकटतच नाही, आणि फट कोरडी हवी म्हणून हे मे महिन्यातच उरका, जूनमध्ये धावत आलात तर मी ट्यूब देईन पण ओल्या भिंतीला ती धरणार नाही.

आणि कळकळीने सांगतो, स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरून बारीक भोकं असतात ती बुजवू नका, ट्रॅकमधलं पाणी त्यातूनच बाहेर जातं.